नाव काय तुझे?

काही वर्षांपूर्वी एका वार्षिक अंकासाठी साहित्य निवडण्याचे काम आम्हा चौघांकडे होते. आलेल्या कवितांत एक कविता बिननावाची होती. खाली एवढेच लिहिले होते, ‘आवडली तर छापा, नाव मात्र विचारू नका.’ तलाकनंतर माहेरी आलेल्या आणि भावाच्या घरात पाहुणी म्हणूनच म्हातारी झालेल्या आईवरची ती कविता होती. आम्हा चौघांनाही ती आवडली. तरीही आम्ही ती छापली नाही. ‘स्वतःच्या नावाने लिहिण्याची हिंमत नसेल तर लिहावेच कशाला?’ असे आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले आणि मीही मान डोलावली.

पुढे कळले की ती मुलगी टोपणनावाने इन्स्टाग्रामवर कविता टाकत असे आणि मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ही कुणाची पोरगी?’ याचा शोध चालू होता. तिने टाकलेल्या एका फोटोतली खिडकीची जाळी कुणीतरी ओळखली. महिन्याभरात खाते बंद झाले. त्यानंतर तिची कविता कुठेही वाचनात आली नाही. त्या दिवशी मी मान डोलावली याची आज मला लाज वाटते. म्हणून हा लेख.

‘नाव काय तुझे?’ हा प्रश्न सर्वांसाठी सारखा नसतो. मुस्लिम माणूस भाड्याचे घर बघायला जातो तेव्हा खोली रिकामी असते, भाडे ठरते, अनामत ठरते आणि शेवटी नाव विचारले जाते. नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेलेली’ असते. आमच्या नावात आमचा धर्म, आमचा मोहल्ला आणि आमच्याविषयीचा दुसऱ्याचा निकाल, सगळे एकदमच येते. अशा समाजातली एखादी बाई आपले नाव बाजूला ठेवून केवळ शब्द पुढे करते, तेव्हा ती भित्री नसते. आधी माझे म्हणणे ऐका, मग मी कोण ते ठरवा, एवढेच ती मागत असते.

टोपणनावाला नाके मुरडणाऱ्यांनी मराठी साहित्याकडे तरी बघावे. शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, अत्रे केशवकुमार झाले, जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ होऊन भल्याभल्यांची टोपी उडवली. त्यांना कुणी भेकड म्हटले नाही. पुरुषाने टोपणनाव घेतले की ती प्रतिभेची लीला आणि बाईने घेतले की ते पाप, हा कुठला न्याय?

1882 हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्यावर एवढी टीका झाली की महात्मा फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्याच वर्षी लुधियानात ‘सीमंतनी उपदेश’ हे तितकेच जळजळीत पुस्तक निघाले. त्यावर लेखिका म्हणून ‘एक अज्ञात हिंदू औरत’ एवढेच होते. ती कोण हे आजही कुणाला ठाऊक नाही. पुस्तक मात्र आहे. उर्दूत जाहिदा खातून शेरवानी (1894-1922) यांच्या कविता ‘जे. खे. शीन.’ या आद्याक्षरांनी छापल्या जात. सरदार घराण्यातल्या पर्दानशीन मुलीने देशाच्या राजकारणावर लिहिणे घरच्यांना रुचणारे नव्हते. ती तीन अक्षरे नसती तर ती कविताही आपल्यापर्यंत आली नसती. आम्ही चौघे त्या काळी संपादक असतो तर ती साभार परत केली असती!

‘ज्याला लपवायचे काही नाही त्याने भिण्याचे कारण काय?’ हा युक्तिवाद हल्ली मंत्र्यापासून मुतवल्लीपर्यंत सगळे करतात. असे म्हणणाऱ्याने आपला मोबाईल कुलूप काढून दिवसभर चौकातल्या पानटपरीवर ठेवावा. आपल्या घराला दार असते, दाराला कडी असते. म्हणून आत चोरीचा माल असतो असे नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्काला कारण द्यावे लागत नाही. हक्कावर घाला घालणाऱ्याने कारण द्यायचे असते.

नावानिशी लिहिले की काय होते हे महाराष्ट्राने नोव्हेंबर 2012 मध्ये पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा त्यात वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. पण त्या निकालाला दोन वर्षे चार महिने लागले. जमावाला दवाखाना शोधायला दिवसही लागला नव्हता. नाव म्हणजे पत्ता असतो तो असा.

आता समोरून एक प्रश्न येईल आणि तो खरा आहे. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 रोजी ‘बुल्ली बाई’ या नावाने मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले. ते करणारेही निनावीच होते. दुसऱ्यांदा तर त्यांनी शीख वाटतील अशी नावे पांघरली होती, म्हणजे आग लावून बोट तिसऱ्याकडे. मग निनावीपण बंदच का करू नये?

घटनांचा क्रम नीट बघा. ‘बुल्ली बाई’चा पहिला आरोपी मुंबई पोलिसांनी चार-पाच दिवसांत पकडला. ‘सुल्ली डील्स’चा गुन्हा दिल्लीत जुलैतच नोंदवला गेला होता, त्यातली पहिली अटक मात्र जानेवारीत, मुंबईच्या कारवाईनंतर झाली. कायदा तोच होता, तंत्र तेच होते, खोटी नावेही तशीच होती. सहा महिने कमी पडले ते इच्छेचे. टोपणनावामागे मोबाईल नंबर असतो, नंबरामागे सिमकार्डासाठी दिलेली कागदपत्रे असतात, प्रत्येक जोडणीची कुठेतरी नोंद राहते. पोलिसांनी मनावर घेतले तर गुन्हेगार सापडतो. त्यासाठी तमाम जनतेचा बुरखा ओढायची गरज नाही. टोपणनाव पोलिसांपासून वाचवत नाही. ते जमावापासून, शेजाऱ्यापासून, भावकीपासून वाचवते. ज्यांच्या फोटोंचा लिलाव मांडला गेला त्या स्त्रिया तर आपापल्या नावाने, आपल्या चेहऱ्याने लिहिणाऱ्या होत्या, हे विसरू नये.

सक्तीच्या खऱ्या नावाचा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला. मोठी वर्दळ असलेल्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची ओळख पटवण्याचा कायदा तिथे 2007 मध्ये लागू झाला. शिवीगाळ काही थांबली नाही. 2011 मध्ये मात्र एका मोठ्या कंपनीच्या साठ्यातून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. 2012 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. खऱ्या नावाने शिवी देणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. कित्येकांच्या शिवीखाली तर नाव, फोटो आणि पक्षाचे पदही असते.

तरीही आपल्या सरकारची हौस फिटत नाही. फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी संदेश मुळात कुणी पाठवला हे सांगण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले. त्याविरुद्ध व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2023 मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तर त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा. त्याच कायद्याने माहिती अधिकारात दुरुस्ती करून ‘वैयक्तिक’ म्हणून माहिती नाकारणे सोपे केले. म्हणजे नागरिकाने काचेच्या घरात राहायचे आणि सत्तेने पडद्याआड. पर्द्यावरून आम्हाला उपदेश करणाऱ्यांचा हा पर्दा कोण उठवणार?

पण केवळ सरकारला बोल लावून भागणार नाही. त्या मुलीचे खाते सरकारने बंद पाडले नव्हते. ते आपल्या माणसांनी, आपल्या ग्रुपवर, ‘सकाळ बखैर’च्या गुलाबांखाली बंद पाडले. दीनच्या नावाने हे करणाऱ्यांनी कुरआन उघडून पाहावे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत एकमेकांची हेरगिरी करायला आणि पाठीमागे निंदा करायला साफ मनाई आहे. सूरह नूरच्या सत्ताविसाव्या आयतीत परवानगी घेऊन, सलाम करूनच दुसऱ्याच्या घरात जावे असे सांगितले आहे. हजरत उमर यांच्याविषयीची एक कथा मशिदीत आपण सर्वांनी ऐकलेली असते. रात्रीच्या गस्तीत त्यांनी भिंत चढून एका घरातला गुन्हा पकडला, तेव्हा घरमालक म्हणाला, ‘मी एक चूक केली, आपण तीन केल्या. पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही.’ खलिफा निमूट परतले. खलिफाला जे शोभले नाही ते ग्रुपच्या अॅडमिनला कसे शोभते? बाईच्या चेहऱ्यावर पर्दा हवा म्हणणारेच तिच्या खात्यावरचा पर्दा फाडायला धावतात, यात ईमान कुठे आहे?

लिहिणाऱ्या मुलींनाही दोन शब्द सांगायचे आहेत. टोपणनाव हा पडदा आहे, भिंत नव्हे. त्या खात्यासाठी नेहमीचा नंबर आणि ईमेल वापरू नका. फोनमधली नावांची यादी अॅपला दिली की तेच अॅप तुमच्या चुलतभावाला ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून तुम्हाला दाखवते. घराचा, गल्लीचा, खिडकीचा फोटो टाकू नका. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करा. व्हॉट्सअॅपवर आपला फोटो कोणी पाहावा, आपल्याला ग्रुपमध्ये कोणी ओढावे हे ठरवता येते, ते ठरवा. दुहेरी पडताळणीचा पिन लावा. संदेश कुलूपबंद असले तरी त्यांच्या बॅकअपला वेगळे कुलूप लावावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गुपित एका मैत्रिणीला सांगितले की तिच्या फोनचा स्क्रीनशॉट हीच तुमची सुरक्षितता असते.

आणि आम्हा संपादकांना, लेखकांना एकच सांगणे आहे. निनावी लिखाण आले तर आधी ते वाचा. त्यात कुणाची बदनामी असेल, द्वेष असेल, तर फेकून द्या. नाव असते तरी तेच केले असते. पण त्यात दुखणे खरे असेल तर छापा. हिंमत कमी पडते ती नाव न देणाऱ्या मुलीची नव्हे. जिथे नाव देता येत नाही अशा समाजाची. तिचे नाव मला आजही माहीत नाही. ते मला नकोच आहे. तिची दुसरी कविता मात्र हवी आहे.