आज्जीचं मत कोण टाकलं?

3 सप्टेंबर 2021. बेळगाव महापालिकेची निवडणूक. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या वॉर्डातल्या एका अपक्ष उमेदवाराची पोलिंग एजंट म्हणून शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर बसले होते. समोर कन्नडमधली मतदार यादी, हातात लाल पेन, तोंडावर मास्क. माझं स्वतःचं पहिलं मतही मी त्याच दिवशी टाकलं.

दुपारी एक आज्जी आल्या. ओळखपत्र होतं, फोटो त्यांचाच होता. पण पहिल्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं यादी बघितली आणि मान हलवली. त्यांच्या नावावर आधीच खूण झाली होती. म्हणजे त्यांचं मत पडलं होतं.

"माझं मत कोण टाकलं? मी तर आत्ता घरातनं येऊलालो," आज्जी म्हणाल्या.

कर्मचारी कन्नडमध्ये काहीतरी समजावत होते, ते आज्जींना कळत नव्हतं. मागं रांग वाढत होती. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण त्या खोलीत मराठी बोलणारी मीच होते. आणि मी काय सांगितलं? "आज्जी, आता काही करता येत नाही. तुम्ही घरला जावा."

त्या गेल्या.

मग मी माझ्या हातातली यादी बघितली. त्या नावावर माझ्याच लाल पेनची टिक होती. सकाळी ते नाव पुकारलं तेव्हा मी मान वर करून बघितलंही नव्हतं. बोगस मत असो की दोन सारख्या नावांची गल्लत असो, ती पकडायलाच मला तिथं बसवलं होतं.

हे आज लिहितेय ते पश्चात्ताप सांगायला नाही. पुढं राज्यशास्त्राच्या अभ्यासात निवडणुकीचे नियम वाचले तेव्हा कळलं, की मी आज्जींना जे सांगितलं ते चूक होतं. करता येण्यासारखं होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

लोकसभा-विधानसभेसाठी 1961 चे निवडणूक नियम आहेत. त्यात सांगितलंय, की तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही ओळखीच्या प्रश्नांची नीट उत्तरं दिलीत, तर तुम्हाला वेगळी कागदी मतपत्रिका मिळते. याला टेंडर्ड व्होट म्हणतात, मराठीत प्रदत्त मत. ती मतपत्रिका पाकिटात वेगळी ठेवतात आणि मतदाराचं नाव वेगळ्या यादीत लिहून सही किंवा अंगठा घेतात. स्थानिक निवडणुकांतही ही सोय असते. त्या दिवशी ती कुणी मागितली नाही आणि कुणी आपणहून दिली नाही.

आता खरं सांगायचं तर हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. मग उपयोग काय? एक म्हणजे, आपल्या नावावर दुसऱ्यानं मत दिलं याची सरकारी कागदावर नोंद होते. दुसरं म्हणजे, निकाल अटीतटीचा लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर हीच पाकिटं महत्त्वाची ठरू शकतात. एक-दोन मतांनी काय होतं म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्यातलं उदाहरण बघावं. 2004 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत संतेमरहळ्ळी मतदारसंघात आर. ध्रुवनारायण यांना 40,752 मतं पडली आणि ए. आर. कृष्णमूर्ती यांना 40,751. फरक एका मताचा. लाखभर मतदारांच्या मतदारसंघात हे होतं, तर काही हजार मतदारांच्या वॉर्डात काय होईल?

एजंटला आक्षेप घ्यायचाही हक्क असतो. कर्मचारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतात तो एजंटांनी ऐकावा म्हणूनच. समोरची व्यक्ती ती नाही असं वाटलं तर तिथंच आव्हान देता येतं. विधानसभा-लोकसभेला त्याची फी 2 रुपये आहे. दोन रुपये! चहासुद्धा येत नाही. पण आव्हान द्यायला पुकारलेलं नाव आधी कळायला पाहिजे.

आणि इथंच आपल्या भाषेचा प्रश्न येतो. आपण मराठी यादी मागतो तेव्हा बाहेरच्यांना वाटतं, ही सगळी अस्मितेची भांडणं. त्यांनी एक दिवस बूथवर बसून बघावं. धामणेकरचं दामनेकर होतं. चव्हाण कुठं चवान, कुठं चौहान. एका गल्लीत एकाच आडनावाची दहा घरं असतात, त्यात बाईचं नाव सारखं, नवऱ्याचं नाव सारखं. अशा यादीत गल्लत व्हायला कुणाचा वाईट हेतू लागत नाही. आमच्या बूथवरचे कर्मचारी काही दुष्ट नव्हते. पहाटेपासून काम करून दमलेली माणसं होती ती. पण ज्या आज्जींना यादी वाचता येत नाही, त्यांना आपलं नाव चुकलंय हे मतदानाच्या दिवशीच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेत 15 टक्क्यांची अट आहे. त्याहून जास्त अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं त्यात म्हटलंय. मतदार यादीहून महत्त्वाचा कागद कुठला?

ही मागणी सोडायची नाहीच. पण ती मान्य होईपर्यंत काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडंच आहे आणि तिथं आपण कमी पडतो. त्या निवडणुकीत मोठे पक्ष पहिल्यांदाच आपापल्या चिन्हांवर उतरले होते. त्यांच्या एजंटांना आधी शिकवलेलं होतं. मला आदल्या रात्री फोन आला, "ताई, उद्या बूथवर बसशील काय?" प्रशिक्षण म्हणून एवढंच. आपली पोरं सभेला येतात, फेरीला येतात, घोषणा देतात. बारा तास बाकावर बसून यादीवर बोट फिरवायला कुणी मिळत नाही, आणि मिळालं तर माझ्यासारखं अर्धवट माहितीचं.

म्हणून पुढच्या निवडणुकीआधी, महापालिकेची असो, ग्रामपंचायतीची असो, तीन गोष्टी करूया.

पहिली, कन्नड वाचायला शिका. यात कमीपणा काही नाही. ज्याला कन्नड यादी वाचता येते तोच आपल्या माणसाचं नाव राखू शकतो.

दुसरी, कच्ची यादी लागली की गल्लीवार बसा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं वाचून दाखवा. चूक असेल तर मुदतीत अर्ज द्या. मतदानाच्या दिवशी यादी दुरुस्त होत नाही.

तिसरी, एजंटांना निदान दोन संध्याकाळ शिकवा. मतदान सुरू व्हायच्या आधीचं मॉक पोल बघायचं, नंतर मशीन शून्यावर आलं याची खात्री करायची, सीलचे नंबर लिहून घ्यायचे, शेवटी एकूण मतांचा आकडा घेतल्याशिवाय उठायचं नाही. 2021 ला आपल्या मशीनना व्हीव्हीपॅट नव्हतं. मोजणी 6 सप्टेंबरला झाली. मधल्या तीन दिवसांनंतर ताडून बघायला उमेदवाराच्या हातात हाच आकडा होता. आणि टेंडर्ड व्होट हा शब्द प्रत्येक एजंटला तोंडपाठ पाहिजे.

त्या वेळी आमच्या शहरात साधारण निम्म्याच लोकांनी मतदान केलं. उरलेल्यांना आपण आळशी म्हणतो. पण त्या आज्जी आळशी नव्हत्या. त्या चालत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि मत न देता परत गेल्या, कारण मदतीला बसवलेल्या पोरीला नियम माहीत नव्हता. परत मतदानाला त्या आल्या असतील काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पुढच्या वेळी मी परत त्याच बाकावर बसणार आहे. तुमच्या वॉर्डातल्या बाकावर कोण बसणार, ते आत्ताच ठरवा.