वेग कोणी ठरवला?

१/ ‘रोबॉट आले आणि कामगार गेले.’ औद्योगिक इतिहासाचे हे एका ओळीतले सार सोयीचे आहे, पण अपुरे आहे. अमेरिकेतील दोन कारखान्यांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

२/ जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ साली यंत्रबाहूच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातून पुढे जोसेफ एंगलबर्गर यांच्या साथीने ‘युनिमेट’ साकारला. १९६१ मध्ये तो न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलायचे, हे त्याचे काम. हात भाजणारे असे काम माणसाकडून गेले, यात खेद करण्याजोगे फारसे नव्हते.

३/ दुसरा कारखाना ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउनचा. १९७० पासून तेथे ‘व्हेगा’ मोटार तयार होऊ लागली आणि तिच्या सांगाड्याचे स्पॉट वेल्डिंग युनिमेटांच्या रांगेकडे आले. असेंब्ली लाइनचा वेग ताशी सुमारे १०० मोटारींवर नेण्यात आला. एरवी तो ६०च्या आसपास असे.

४/ वेल्डिंग यंत्रांकडे गेले, तरी पुढची बरीचशी जोडणी माणसेच करत होती. एका मोटारीमागे त्यांच्या वाट्याला आले जेमतेम ३६ सेकंद.

५/ १९७१ च्या अखेरीस नव्या व्यवस्थापनाने शेकडो कामगार कमी केले आणि त्यांची कामे उरलेल्यांवर लादली. मार्च १९७२ मध्ये कामगार संपावर गेले. संप सुमारे तीन आठवडे चालला. बहुतेक संपकरी विशीतले होते. त्यांचा मुख्य रोष पगारावर नव्हता आणि रोबॉटवरही नव्हता. तो वाढलेल्या बोजावर आणि वेगावर होता.

६/ यंत्रांमुळे रोजगार गेलेच नाहीत, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. १९७८ मध्ये आलेल्या ‘प्युमा’ या यंत्रबाहूला तर माणसासारखे खांदा, कोपर आणि मनगट होते आणि तो सुट्या भागांच्या जुळणीसाठीच घडवला होता. म्हणजे आता माणसाच्या हातातल्या नेमक्या कामालाच यंत्राचा हात लागला.

७/ तरीही यंत्र थकत नाही म्हणून शेजारच्या माणसानेही थकू नये, हा निर्णय कोणत्याही यंत्राने घेतलेला नाही. सगळा दोष यंत्राच्या माथी मारला, की निर्णय घेणारे इतिहासातून अलगद निसटतात.

८/ लॉर्ड्सटाउनच्या संपानंतर कमी केलेले अनेक कामगार परत आले. लाइनचा वेग ठरवण्याचा अधिकार मात्र होता तेथेच राहिला. इतिहासाने बोट ठेवायचे ते या अधिकारावर.