'नोंद घेतली' हे उत्तर नाही

जुन्या वास्तूशेजारी टॉवर येणार म्हटलं की आपल्याकडे सगळं ठरल्यासारखं घडतं. 'सूचना व हरकती' मागवणारी नोटीस वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात छापून येते. मूठभर लोक लिहितात. सुनावणी होते. शेवटी अहवालात एक ओळ उमटते: 'प्राप्त हरकतींची नोंद घेण्यात आली.' आणि टॉवर ठरला होता तेवढाच उंच, ठरला होता तिथेच उभा राहतो. ही ओळ म्हणजे उत्तर नव्हे, उत्तर टाळण्याची सोय आहे. ही सोय चालते, कारण विचारणारे फार थोडे असतात आणि त्या थोड्यांमध्ये आपण जवळजवळ नसतोच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ग्राहकानं त्रुटी कळवली तर 'पाहिलं' एवढं लिहून आम्हाला तिकीट बंद करता येत नाही. दुरुस्ती केली असेल तर कुठे केली ते दाखवावं लागतं. करणार नसू तर का करणार नाही ते लिहावं लागतं, आणि त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव राहतं. मोबाईलवरच्या एका बटणासाठी एवढी शिस्त पाळली जाते. चुकलेला कोड आम्ही दुसऱ्या दिवशी मागे घेतो. उभे राहिलेले चाळीस मजले कोण मागे घेणार?

इस्तंबूलला विचारा. सुलतान अहमद मशीद सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. सहा मिनार, आणि समुद्रावरून दिसणारी तिची ती प्रसिद्ध आकृती. तिच्यापासून काही किलोमीटर दूर, झैतिनबुर्नू भागात तीन निवासी टॉवर उभे राहिले आणि थेट त्या मिनारांच्या मागे डोकावू लागले. परवानग्या होत्या, कागद पूर्ण होते. ओरड झाली ती टॉवर दिसू लागल्यावर. तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं की मालकाला वरचे मजले छाटायला सांगूनही त्यानं ऐकलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, परवानग्या बेकायदा ठरल्या. टॉवर मात्र तसेच राहिले. 2017 मध्ये एर्दोगान यांनीच कबूल केलं की आपण या शहराशी गद्दारी केली आणि त्याला आपणही जबाबदार आहोत. देशाचा सर्वात ताकदवान माणूस आणि न्यायालय दोघं मिळूनही जे करू शकले नाहीत, ते नकाशा कागदावर असताना एका नियमानं झालं असतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: 'शेजारी' म्हणजे फक्त भिंतीला भिंत लागून नव्हे. काही किलोमीटरवरचा टॉवरही शेजारी असू शकतो.

मक्केत तर विचारण्याचाही प्रश्न आला नाही. हरमसमोरचा उस्मानी काळातला अजयाद किल्ला 2002 मध्ये टेकडीसकट सपाट झाला आणि त्या जागी 601 मीटर उंचीचा घड्याळाचा टॉवर आला. तुर्कस्ताननं निषेध केला, हा आमचा अंतर्गत मामला आहे असं उत्तर मिळालं. आपल्या ग्रुपवर त्या किल्ल्याचे जुने फोटो फिरतात तेव्हा सगळे हळहळतात. पण तिथल्या माणसाला जो हक्क नव्हता, तो आपल्याला आहे. त्याचं आपण काय करतो?

हा हक्क कुठे आहे ते नीट समजून घेऊ. महाराष्ट्रात विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर नगररचना कायदा, 1966 च्या कलम 37 नुसार नोटीस काढावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती, उदाहरणार्थ औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याभोवती, किमान 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे आणि वारसा समितीही आहे. पण टॉवर आराखड्यात आणि नियमांत बसत असेल, तर त्याच्या परवानगीसाठी शेजाऱ्यांना विचारण्याची सक्ती नाही. म्हणून खरी लढाई आराखडा ठरताना असते. पाया खणायला सुरुवात झाल्यावर जागं होण्यात अर्थ नाही.

हरकतींनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी 2015 आठवावं. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात चुकांचा इतका सुकाळ होता की हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा रद्द करून नव्यानं करायला सांगावं लागलं. सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडलं. जर्मनीत कोलोन कॅथेड्रलसमोर, नदीपलीकडे, उंच इमारतींचा बेत होता. 2004 मध्ये युनेस्कोनं ते कॅथेड्रल धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. शहरानं बेत आवरता घेतला आणि 2006 मध्ये नाव यादीतून निघालं.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. 'वारसा हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आमच्या डोक्यावरचं छत गळतंय, त्याचं बोला.' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारजवळची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. ज्यांच्या खोलीला टेकू लावलेत, त्यांना पुनर्विकास हवाच आणि तो लवकर हवा. पण रहिवाशांना घरं देण्यासाठी किती मजले लागतात आणि विक्रीसाठी किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. बिल्डर दोन्ही एकत्र करून दाखवतो आणि उंचीवर प्रश्न विचारणाऱ्याला गरिबांचा दुश्मन ठरवतो. हे दोन आकडे वेगळे मागणं ही पहिली हरकत असली पाहिजे, आणि ती मागण्याचा सर्वात मोठा अधिकार त्या गळक्या छताखालच्या भाडेकरूचाच आहे.

दुसरी हरकत जमिनीखालची. जुन्या इमारती भिंतींच्या आधारावर उभ्या असतात, त्यांचा पाया बहुधा उथळ असतो. शेजारी पार्किंगसाठी तळघरं खणली आणि पाणी उपसत राहिलं, तर भूजल उतरतं, जमीन दबते, भिंतींना तडे जातात. मुंबईची जामा मशीद जुन्या तलावावर उभी आहे, हे आपल्याला कौतुकानं सांगायला आवडतं. मग अशा मशिदीशेजारी खोदकाम होणार असेल, तर आधी तड्यांची नोंद कोण करणार, जमीन किती दबली हे कोण मोजणार आणि किती दबल्यावर काम थांबणार, हे ट्रस्टींनी लेखी विचारायला नको का?

तिसरी हरकत दिसण्याची. बिल्डरच्या चित्रात टॉवर नेहमी आकाशातून दिसतो आणि भोवती झाडं असतात. रस्त्यावर उभ्या माणसाला मशिदीच्या, मंदिराच्या किंवा जुन्या बाजाराच्या मागे तो कसा दिसेल, सावली कुठवर पडेल, हे दाखवणारी चित्रं मागा. मंदिराच्या, हे मुद्दाम लिहिलं. शेजारच्यांच्या वास्तूसाठी आपण उभे राहिलो नाही, तर आपली हाक फक्त आपल्यापुरतीच ऐकू येईल.

आणि प्रत्येक हरकतीच्या शेवटी लिहा: मला मुद्देनिहाय लेखी उत्तर हवं. कोणता मुद्दा मान्य, त्यामुळे नकाशात काय बदललं. कोणता अमान्य, आणि का. पोचपावती घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, अर्ज करा.

एका सुनावणीला मी गेलो होतो. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळत होती. समोरच्या अधिकाऱ्यांची नजर घड्याळावर होती. पण एका निवृत्त शिक्षिकेनं नियमाचा क्रमांक वाचून प्रश्न विचारला, तेव्हा फाइल उघडावी लागली. भावना ऐकून घेता येतात, क्रमांकाला उत्तर द्यावं लागतं.

आपल्यातल्या कितीतरी जणांकडे इंजिनीअरिंगची, वकिलीची, आर्किटेक्चरची पदवी आहे. मोहल्ल्यानं आपल्याला शिकवलं ते फक्त ग्रुपवर संताप फॉरवर्ड करण्यासाठी नाही. आपल्या वॉर्डाचा आराखडा डाउनलोड करा, जुन्या वास्तूंवर खुणा करा, पुढच्या नोटिशीवर नजर ठेवा. नोटीस आली की हाताशी फक्त महिनाभर असतो.