बुटांवरून कळणारे वय

बॅले शिकणाऱ्या मुलीची इयत्ता तिच्या पायांवरून ओळखता येते. सुरुवातीची अनेक वर्षे मऊ चामड्याची किंवा कापडी सपाट चप्पलच असते. चवड्यांच्या टोकावर उभे राहण्याचे ‘पॉइंट’ बूट साधारणतः अकरा-बाराव्या वर्षी मिळतात, तेही घोटा आणि पाऊल पुरेसे बळकट झाल्यावर. घाई केली तर वाढत्या हाडांना इजा होते. हौशी पालकांना हे पटवणे शिक्षकांना जड जाते.

या बुटाचे टोक लाकडी नसते. कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून ते कडक केलेले असते. घामाने ते लवकर नरम पडते. फिती मुलीने स्वतः शिवायच्या, हाही शिक्षणाचाच भाग.

पोशाखाची घडण जुनी आहे. 1832 मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’मध्ये मारी तालिओनीने पांढरा तलम झगा घातला आणि तो रूढ झाला. बुटांचा फिकट गुलाबी रंग मात्र गोऱ्या कातडीला धरून ठरलेला. सावळ्या मुली कित्येक वर्षे आपले बूट मेकअपने रंगवत. 2018 मध्ये लंडनच्या ‘फ्रीड’ कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ संस्थेबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट बूट बाजारात आणले. फार उशिरा.