घरकुल गावात हवे, वेशीबाहेर नको

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर अशा नगरपरिषदांच्या गावांत लोकांना या योजनेची एकच वाट माहीत आहे. स्वतःची जागा असेल त्याने घर बांधायचे, केंद्राने दीड लाख आणि राज्याने एक लाख द्यायचे. या अडीच लाखांनी पुष्कळांच्या मातीच्या भिंती विटांच्या झाल्या, टिनाच्या जागी स्लॅब आला. मात्र अर्जासोबत जागेच्या मालकीचा कागद लागतो, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याचा अर्ज तिथेच थांबतो. बाजार समितीत सोयाबीनची पोती वाहणारा हमाल, भाड्याच्या एका खोलीत संसार करून चार घरची धुणीभांडी करणारी बाई, नझूलच्या म्हणजे सरकारी जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पट्टा न मिळालेले कुटुंब, कंत्राटी सफाई कामगार या सगळ्यांना घराची गरज सर्वांत जास्त आहे. नेमके तेच या वाटेने जाऊ शकत नाहीत.

त्यांच्यासाठी दुसरी वाट योजनेतच आहे. शासनाच्या किंवा नगरपरिषदेच्या जागेवर सदनिकांची इमारत उभी करायची आणि त्या सदनिका परवडणाऱ्या किमतीत किंवा भाड्याने द्यायच्या. पण त्यासाठी गावात जागा हवी. गावातली सार्वजनिक जागा विकास आराखड्यात बहुधा कशासाठी तरी राखून ठेवलेली असते, कुठे दुकान केंद्रासाठी, कुठे सरकारी कार्यालयासाठी, कुठे वाहनतळासाठी. म्हणून आरक्षण बदलाचा प्रश्न येतो आणि तो आला की मोहल्ल्यात निवेदने फिरू लागतात. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या अशा जागेचे आरक्षण गरिबांच्या घरांसाठी बदलणे योग्य आहे. ते गावाच्या आत, चालत्या-बोलत्या मोहल्ल्यात झाले पाहिजे. आणि मुलांचे मैदान किंवा ले-आउटमधली खुली जागा त्यासाठी घेता कामा नये.

याची वेळ आताच का, हेही सांगायला हवे. योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला असून वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात मोडते. राज्य मंत्रिमंडळाने २० मे २०२५ रोजी नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे आणि घरांसाठी योग्य अशा सरकारी जमिनींची नोंद एकत्र करण्याचे वचनही आहे. शिवाय, वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती असलेल्या नगरपरिषदांत डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी लोकांचे सभागृह परत आले आहे. धोरण मुंबईत ठरते, अमरावतीत म्हाडाचे विभागीय मंडळ आहे, पण गावातली कोणती जागा द्यायची हा ठराव मात्र याच सभागृहाला घ्यावा लागेल.

कायद्याची वाट लांब असली तरी स्पष्ट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे नगरपरिषद मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल सुचवू शकते. अट एवढीच की त्यातून आराखड्याचे मूळ स्वरूप बदलू नये. राजपत्रात सूचना काढायची, महिनाभर हरकती घ्यायच्या, बाधितांना ऐकायचे आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. नगररचना संचालकांचे मत घेऊन शासन निर्णय देते. यातली एकही पायरी गाळली तर उद्या कोणीही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊन इमारतीचा पायाच अडवील, आणि त्याची शिक्षा घराची वाट पाहणाऱ्यांना होईल.

ही दगदग नको म्हणून एक सोपी वाट पुढे केली जाते. गावाबाहेर ई-क्लास म्हणजे गायरान जमीन पडून आहे, तिथे वसवा. आमचा या वाटेला ठाम विरोध आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कायद्याचे. गायरान ही गावाची सामाईक मालमत्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात देशभरातल्या अशा जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे यांसारखे अपवादच काय ते शिल्लक ठेवले. वाशिमकरांना हा विषय नवा नाही. शहराला लागून असलेल्या घोडबाभूळची ३७ एकर गायरान जमीन एका खासगी व्यक्तीच्या ताब्यात नियमित करण्याचा आदेश जून २०२२ मध्ये तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी दिला. त्या डिसेंबरात नागपूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. एका माणसासाठी ३७ एकरांची फाइल मंत्रालयापर्यंत जाऊ शकते, पण शंभर कुटुंबांच्या इमारतीसाठी गावातल्या अर्ध्या एकराची फाइल नगरपरिषदेच्या कपाटातून निघत नाही, याची चीड प्रत्येक नागरिकाला यायला हवी.

दुसरे कारण पोटाचे आहे. मजुराचे घर आणि काम यांतले अंतर त्याच्या मजुरीतून कापले जाते. वाशिमच्या पाटणी चौकात हातगाडी लावणारा, पहाटे अकोला नाक्यावर कामासाठी उभा राहणारा, रात्री उशिरा बाजार समितीतून सुटणारा माणूस चार-पाच किलोमीटर दूर राहायला गेला तर रोजचे ऑटोभाडे कुठून देणार? बाई कामाला गेल्यावर लहान पोरांकडे कोण बघणार? यापूर्वीच्या केंद्रीय योजनेतही देशभर हेच घडले. शहरांच्या कडेला बांधलेल्या सदनिका इतक्या मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या की २०२० मध्ये केंद्राला त्या भाड्याने देण्याची वेगळी योजना काढावी लागली. तेव्हाही लोकांना घर हवे होतेच. पण त्या ठिकाणी राहून जगता येत नव्हते.

सोलापूरचे उदाहरण याच्या उलट म्हणून दाखवले जाते. कुंभारी इथे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित श्रमिकांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला. त्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. ते काम मोठेच आहे, आणि त्यामागे कामगारांनी स्वतः वर्षानुवर्षे दिलेला लढा आहे. पण तिथे संपूर्ण नगर वसले आहे. इतक्या लोकांसाठी शाळा, दवाखाना, बस मागता येते. विड्या वळण्याचे काम तर घरी बसून होते. २०११ च्या जनगणनेत वाशिम शहराची लोकसंख्या ७८ हजारांच्या आसपास होती. इथे गावाबाहेर दोन इमारती बांधल्या तर त्यांच्यासाठी कोणी शाळा काढणार नाही आणि एसटीही थांबणार नाही. लहान गावातल्या गरिबाला गावाच्या सोयी गावातच मिळू शकतात.

आता हरकतींकडे वळू. मोहल्ल्यातल्या माणसाने पाण्याचा प्रश्न विचारला तर तो रास्त आहे. वाशिम शहर एकबुर्जी धरणावर अवलंबून आहे, कारंजा अडाणवर. पाऊस कमी पडला की नळाला किती दिवसांनी पाणी येते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. शंभर कुटुंबे वाढणार असतील तर पाण्याची टाकी, जलवाहिनी, सांडपाण्याची व्यवस्था, अंगणवाडी, शाळेच्या जादा खोल्या यांचे अंदाजपत्रक आरक्षण बदलाच्या ठरावासोबतच मांडले पाहिजे. ‘नंतर बघू’ हे उत्तर नगरपरिषदेने देऊ नये, आणि दिले तर नागरिकांनी मानू नये. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. ही कुटुंबे आकाशातून पडणार नाहीत, ती आजही याच गावात राहतात आणि याच धरणाचे पाणी पितात. फक्त त्यांच्या दारात नळ नाही.

पण लेखी हरकतीत पाणी आणि रहदारी असली, तरी बैठकीत दबक्या आवाजात वेगळेच विचारले जाते. राहायला कोण येणार? कोणत्या समाजाचे? आपल्या प्लॉटचा भाव पडेल का? हा प्रश्न जातीचा आहे, धर्माचा आहे, आणि त्याला हरकत म्हणून सुनावणीत जागा मिळता कामा नये. आपल्या गावांची रचनाच अशी झाली की कोणी कुठे राहायचे हे जन्मावरून ठरत आले. नगररचनेचा कायदा ती रचना सिमेंटमध्ये पक्की करण्यासाठी नाही. ज्या बाईच्या हातचा स्वयंपाक चालतो, जिच्यावर लहान लेकरू सोपवले जाते, ती संध्याकाळी त्याच गल्लीतल्या घरी परतली तर कोणाचे काय बिघडते? सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने अशी हरकत नोंदवून, कारण लिहून, फेटाळली पाहिजे.

मैदानाची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे आम्ही हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने उभे आहोत. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दच ठेवला. रुग्णालय ही चांगली गोष्ट असूनही मोकळी जागा ही रहिवाशांच्या हक्काची आहे, असे न्यायालयाने मानले. मुंबईत याच्या उलट घडले. उद्याने-मैदानांच्या आरक्षणांवर झोपड्या वसल्या, आणि तिथे पुनर्वसनाच्या इमारती बांधून ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम झाला. त्याविरुद्धची याचिका २००२ मधली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो नियम वैध ठरवला, पण त्यासोबत मोकळ्या जागेच्या रक्षणाचे कडक निर्देशही दिले. घर आणि मैदान यांत निवड करण्याची वेळ मुंबईवर आली, कारण गरिबांच्या घरांसाठी जागा राखायची ती वेळेवर राखली नाही. वाशिमला अजून ती वेळ आलेली नाही. इथे जागा शिल्लक आहे.

ती फार काळ शिल्लक राहणार नाही, ही खरी काळजी. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि ले-आउट पाडणाऱ्यांची नजर आता या बाजूला आहे. त्यातच याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ने आरक्षणाला मुदत घातली आहे. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या २४ महिन्यांत नगरपरिषद हलली नाही, तर आरक्षण व्यपगत होते. नगरपरिषदेकडे संपादनाला पैसा नसतो, नोटीस फाइलमध्ये पडून राहते आणि सार्वजनिक वापराची जागा एके दिवशी प्लॉट होऊन विकली जाते. त्याविरुद्ध कोणी निवेदन देत नाही. आपल्या हद्दीतली कोणती आरक्षणे या मुदतीच्या काठावर आहेत, याची यादी प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने सभागृहापुढे ठेवावी.

राज्य शासनालाही इथे एक गोष्ट करता येईल. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या ले-आउटमध्ये व गृहप्रकल्पांत २० टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची सक्ती आली, पण ती दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांपुरती होती. वाशिममध्ये दहा एकरांचा ले-आउट पाडणाऱ्यावर गरिबासाठी एक प्लॉट ठेवण्याचेही बंधन नाही. शेतजमीन रहिवासी विभागात आली की तिचा भाव कित्येक पट होतो, आणि ही वाढ मालकाच्या कष्टाने होत नाही, शासनाच्या एका सहीने होते. व्हिएन्ना शहराने २०१९ पासून नियम केला की नव्याने निवासी होणाऱ्या मोठ्या जमिनींवर दोन तृतीयांश घरे अनुदानित असली पाहिजेत. तेवढे आपण आज मागत नाही. निदान २० टक्क्यांची अट जिल्ह्याच्या गावांपर्यंत आणावी.

इमारत कशी असावी, याचाही विचार आराखडा काढणाऱ्याने लोकांमध्ये बसून करावा. हातगाडीवाल्याची गाडी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, तेव्हा तळमजल्यावर गाड्या लावायला आणि कुलूप लावून माल ठेवायला जागा हवी. म्हाताऱ्यांना आणि अपंगांना खालची घरे द्यावीत. लिफ्ट, पंप, जिन्यातला दिवा यांचे बिल कोण भरणार हे चावी देण्याआधी ठरले पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत पंप बंद पडतो आणि बाया पुन्हा डोक्यावर पाणी वाहतात. सदनिका पती-पत्नी दोघांच्या किंवा बाईच्या नावे असावी. ठरावीक वर्षे ती विकता येऊ नये, आणि वाटप सर्वांसमोर सोडत काढून व्हावे.

आणि सुनावणी. राजपत्रातली सूचना मजूर वाचत नाही, आणि कामाच्या दिवशी दुपारी नगरपरिषदेत बोलावले तर रोज बुडवून तो येणार नाही. मग कागदावर फक्त विरोध उरतो आणि तोच गावाचा आवाज समजला जातो. ही सूचना रेशन दुकानावर, अंगणवाडीत, बाजार समितीच्या फाटकावर मराठीत आणि गरज असेल तिथे उर्दूत लावावी. दवंडीची गाडी फिरवावी. सुनावणी सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी, त्याच प्रभागातल्या शाळेत घ्यावी. ज्यांना घर हवे आहे त्यांचे म्हणणेही हरकतींइतकेच लेखी नोंदवून प्रस्तावासोबत शासनाकडे पाठवावे.