समेच्या अलीकडे-पलीकडे

दीपावलीच्या अंकारंभी एखाद्या दिवंगत कलावंताचे स्मरण करावे असा आमचा शिरस्ता आहे. परंतु यंदा ज्याच्या नावाने अंक उघडत आहोत, तो जे डिला ऊर्फ जेम्स यान्सी आमच्या बहुतेक वर्गणीदारांस अपरिचित असण्याचा संभव आहे. मोटारींच्या कारखान्यांसाठी विख्यात असलेल्या डेट्रॉइट शहरी १९७४ साली जन्मलेला, हिप-हॉप गाणाऱ्यांना तालासुरांची बैठक रचून देणारा हा इसम २००६च्या फेब्रुवारीत, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस उलटले असता, लॉस एंजेलिस येथे रक्ताच्या दुर्धर विकाराने निवर्तला.

एमपीसी नामक ज्या यंत्रावर तो काम करी, त्यात बोटाने वाजविलेला प्रत्येक ठोका आपोआप काटेकोर मात्रेवर आणून बसविण्याची तजवीज होती, आणि त्या क्षेत्रातील बहुतेक मंडळी ती फर्मान मानून पाळीत. डिलाने ती वारंवार बाजूस सारली. एक आघात किंचित लवकर, दुसरा किंचित उशिरा, सरळ चाल आणि झुलती चाल एकाच वेळी, अशी त्याची मांडणी असे, की लय आता कोसळणार असे वाटावे आणि ती मात्र कोसळू नये. समेला हुलकावणी देणारे तबलजी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांस यातील मौज निराळी सांगावयास नको. नवल पुढेच आहे: क्वेस्टलव्हसारखे हाडामांसाचे ड्रमवादक त्या यंत्रातून निघालेला डळमळीतपणा हातात यावा म्हणून अभ्यासास बसले, आणि पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर याने तो जॅझमध्ये रुजविला.

‘डोनट्स’ ही एकतीस लघुरचनांची तबकडी त्याच्या अखेरच्या वाढदिवशी प्रसिद्ध झाली. ती सारी रुग्णशय्येवरच घडली ही कथा भाविकांस प्रिय असली, तरी चरित्रकार डॅन चार्नस यांनी तिचा बराचसा भाग आधीच सिद्ध होता असे दाखविले आहे. आणि आम्हांस त्या करुणकथेपेक्षा जुन्या गाण्यांचे तुकडे कापून, उलटून, पुन्हा जोडण्यातील कसबच अधिक मोलाचे वाटते.

त्याचा स्नेही मॅडलिब याने २००७ साली हिंदी चित्रपटसंगीताचे असेच तुकडे घेऊन आपल्या मालिकेचे दोन भाग रचले व पुढील दोन डिलाच्या स्मृतीस अर्पण केले. तेव्हा मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील ज्या वादकांची नावे तबकड्यांवर सहसा छापली जात नसत, त्यांचाही वाटा या गोतावळ्यात जमा झाला आहे, याची नोंद आमच्या दप्तरी असावी.