चढउतार

आयुष्याचा हिशेब जय-पराजयाच्या भाषेत मांडण्याची सवय आपल्याला जडलेली असते. म्हणूनच आज अमेरिकेतील एका बेसबॉल प्रशिक्षकाची ओळख करून द्यावीशी वाटते.

माइक मार्टिन तरुणपणी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघातून खेळले. पुढे १९७५ साली ते तेथेच साहाय्यक आणि १९८० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. २०१९ साली निवृत्त होईपर्यंतच्या ४० हंगामांत त्यांच्या संघाने २,०२९ सामने जिंकले. तोवर महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये इतके विजय कोणाही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. ओमाहा येथील अंतिम फेरीची स्पर्धा त्यांच्या संघाने १७ वेळा गाठली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र एकदाही लाभले नाही. तरीही विद्यापीठाने मैदानाला त्यांचेच नाव दिले.

उत्तरायुष्यात त्यांना ‘ल्युई बॉडी डिमेन्शिया’ने गाठले. १ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हा विकार प्रत्येक घराने समजून घ्यावा. यात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे गोळे साचतात. आरंभी स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते. पण लक्ष आणि भान कमीजास्त होत राहते. सकाळी वर्तमानपत्र वाचणारे आजोबा दुपारी गोंधळून जातात. नसलेली माणसे किंवा प्राणी दिसतात, चाल मंदावते, शरीर ताठरते. झोपेत, स्वप्नाच्या भरात, ओरडणे किंवा हातपाय झाडणे ही खूण तर कधी कधी कित्येक वर्षे आधीच दिसू लागते. ती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की हे चढउतार म्हणजे ढोंग नव्हे, हट्टही नव्हे. ‘तिथे कोणी नाही’ असा वाद घालू नये. दिवा लावावा, हात हाती घ्यावा, हळूच विषय बदलावा. भास थांबवण्यासाठी दिली जाणारी काही औषधे या रुग्णांना गंभीर अपाय करू शकतात. म्हणून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी देऊ नये आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना निदानाचा कागद सोबत न्यावा. बऱ्या-वाईट तासांची नोंद एका वहीत ठेवली, तर उपचारांना मोठी मदत होते.

न मिळालेल्या एका चषकावरून ४० हंगामांचे मोल ठरत नाही; तसेच अखेरच्या आजारावरून माणसाचेही ठरत नाही. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर बरा तास येताच त्याच्याजवळ बसा आणि त्याने आयुष्यभर केलेल्या कामाविषयी त्याला बोलते करा.